एकाच वीजपुरवठ्यावर अनेक गिटार पेडल्स: बोर्डाला वीज कशी द्यावी

गिटार आणि ॲम्प यांच्यामध्ये एक-दोन पेडल्स (आवाज बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या छोट्या पेट्या) असतात तोवर नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर काम भागते. पेडल्सची संख्या पाच-सातवर गेली आणि त्यांत एखादा डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारे पेडल) किंवा रिव्हर्ब (घुमणूक देणारे पेडल) आला, की बॅटऱ्यांचा खर्चही परवडत नाही आणि ऐन कार्यक्रमात बॅटरी उतरण्याची धास्तीही परवडत नाही. प्रत्येक पेडलला स्वतंत्र ॲडॅप्टर लावावा म्हटले, तर रंगमंचावर तेवढे सॉकेट मिळत नाहीत. म्हणून सगळ्या पेडल्सना एकाच ठिकाणाहून वीज देण्याची सोय करावी लागते. पेडल निवडताना महिनोन्‌महिने विचार करणारे वादक ही सोय मात्र घाईने उरकतात, आणि पेडल्स मांडलेल्या बोर्डातून गुणगुण किंवा बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली की दोष पेडलला, केबलला किंवा पिकअपला (तारांचे कंपन टिपणाऱ्या गिटारवरील भागाला) देतात. पेडलबोर्डावर वीज आणि ध्वनी यांचे ग्राउंड (प्रवाहाची परतीची वाट) एकच असते, त्यामुळे वीजपुरवठा हा ध्वनीच्या मार्गाचाच भाग असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवून जोडणी केली, तर पुढच्या बहुतेक अडचणी उद्भवतच नाहीत.

पहिले काम: लेबल वाचणे

काहीही विकत घेण्यापूर्वी आपल्याकडचे प्रत्येक पेडल उलटे करावे आणि त्यावरील वीजविषयक मजकूर वहीत उतरवून घ्यावा. चार गोष्टी टिपायच्या असतात: व्होल्टेज किती, वीज डीसी की एसी, प्लगच्या मधल्या भागाची पोलॅरिटी (धन की ऋण) कोणती आणि पेडल किती मिलीअँपिअर प्रवाह ओढते. लेबल पुसट झाले असेल, तर कंपनीच्या माहितीपुस्तिकेत हे आकडे असतात.

आजची बहुसंख्य पेडल्स ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि त्यांचा प्लग बाहेरून ५.५ मिलिमीटर, आतून २.१ मिलिमीटर मापाचा असून त्याचा मधला भाग ऋण आणि बाहेरची नळी धन असते. बॉस कंपनीच्या पेडल्समुळे रूढ झालेली ही पद्धत इतर विद्युत उपकरणांच्या रिवाजाच्या उलट आहे, पण तिच्यामागे कारण आहे. पेडलमधील बॅटरीची ऋण बाजू गिटारची केबल इनपुटमध्ये खोचल्यावर जोडली जाते, आणि तिची धन बाजू ॲडॅप्टरचा प्लग आत जाताच तुटावी लागते. असा तुटणारा संपर्क डीसी जॅकमध्ये बाहेरच्या नळीच्या बाजूला असतो, म्हणून धन बाजू बाहेर आली आणि ऋण मधे गेली. इनपुटमध्ये केबल राहिली की पेडल बंद असूनही बॅटरी उतरते, ते याच रचनेमुळे.

धोका असा, की याच मापाचा प्लग घरातल्या इतर ॲडॅप्टरांनाही असतो. वाय-फाय राउटरचे ९ किंवा १२ व्होल्टचे ॲडॅप्टर बहुधा मध्यभाग धन असलेले असतात. यामाहाच्या अनेक कीबोर्डांचे ॲडॅप्टरही १२ व्होल्टचे आणि मध्यभाग धन असलेले असतात, आणि कीबोर्ड व गिटार एकाच मंचावर शेजारी मांडलेले असतात. पुष्कळ पेडल्समध्ये उलट्या पोलॅरिटीपासून संरक्षण म्हणून एक डायोड बसवलेला असतो. वीज उलटी आली की तो स्वतः शॉर्ट होऊन सर्किट वाचवतो, पण ॲडॅप्टर दमदार असेल तर काही क्षणांत तो डायोडच जळतो. म्हणून लेबलवरील वर्तुळाचे चिन्ह नीट पाहावे: मधल्या ठिपक्याला जोडलेली रेघ ऋण चिन्हाकडे जात असेल, तर मध्यभाग ऋण आहे असे समजावे.

व्होल्टेजच्या बाबतीत ‘थोडे जास्त चालेल’ हा समज सोडून द्यावा. फुलटोन ओसीडीसारखी काही पेडल्स ९ ते १८ व्होल्टपर्यंत चालावीत अशीच बनवलेली असतात आणि जास्त व्होल्टेजवर त्यांचा आवाज अधिक मोकळा होतो, हे खरे आहे. परंतु निर्मात्याने तसे लिहिले नसेल तर ९ व्होल्टच्या पेडलला १२ किंवा १८ व्होल्ट देऊ नयेत. १९९४ मध्ये बाजारात आलेला क्लॉन सेंटॉर आणि त्याच्या धर्तीवर बनलेले असंख्य ओव्हरड्राइव्ह (आवाजाला किंचित फाटलेपणा देणारी पेडल्स) यांमध्ये आत एक छोटी चिप ९ व्होल्टचे व्होल्टेज वाढवून घेते. त्यातल्या १०४४ या चिपची मर्यादा सुमारे १० व्होल्टची असते, त्यामुळे अशा पेडलला १२ व्होल्टचा प्लग लागला की ती चिप जाते.

जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲडॅप्टरांविषयी वेगळे सांगायला हवे. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या साध्या, रेग्युलेशन (व्होल्टेज स्थिर राखण्याची सोय) नसलेल्या ॲडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेले असले, तरी भार नसताना मल्टिमीटरवर तो १२-१३ व्होल्टही दाखवू शकतो. शिवाय त्यातून येणारी डीसी सपाट नसते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने रेक्टिफायरनंतर (एसीची डीसी करणाऱ्या भागानंतर) तिच्यावर १०० हर्ट्‌झची लहर उरते आणि ती थेट घरघर म्हणून ऐकू येते. पेडल्ससाठी रेग्युलेटेड पुरवठाच घ्यावा.

लेबलवर ‘एसी’ लिहिलेली पेडल्स यादीतून बाजूला काढावीत. लाइन ६ चा मूळ हिरवा डीएल४ डिले आणि डिजिटेकचा चौथ्या पिढीचा व्हॅमी ही पेडल्स ९ व्होल्ट एसीवर चालतात. त्यांना त्यांचाच ॲडॅप्टर द्यावा किंवा ज्या पॉवर सप्लायमध्ये एसीचे वेगळे आउटपुट आहे तो घ्यावा.

बॉसची जुनी पेडल्स सेकंडहँड घेणाऱ्यांनी लेबलवर ‘एसीए’ ही अक्षरे आहेत का, हे पाहावे. ही पेडल्स १२ व्होल्टच्या रेग्युलेशन नसलेल्या ॲडॅप्टरसाठी बनवलेली होती आणि येणारे व्होल्टेज आतच कमी करून घेत होती. त्यांना आजच्या ९ व्होल्टच्या स्वतंत्र आउटपुटवर लावले की दिवा मंद लागतो आणि आवाज दबतो. हेच पेडल इतरांबरोबर एका साखळीत लावले तर मात्र नीट चालते, कारण तेव्हा त्याला पॅच केबलमधून (पेडल्सना एकमेकांशी जोडणाऱ्या छोट्या ध्वनिकेबलमधून) दुसऱ्या पेडलचे ग्राउंड मिळते आणि व्होल्टेज कमी करणारा आतला भाग वगळला जातो. यावरून पेडल्सची ग्राउंड केबलच्या वाटेने किती गुंतलेली असतात, हे स्पष्ट होते. अशा पेडलला स्वतंत्र आउटपुट द्यायचे असेल, तर ते १२ व्होल्टचे द्यावे.

प्रवाहाची बेरीज

व्होल्टेज तंतोतंत जुळावे लागते, प्रवाहाचे तसे नाही. आउटपुटवर ५०० मिलीअँपिअर लिहिले आहे याचा अर्थ ते तेवढा प्रवाह पेडलमध्ये ढकलते असा नसून, तेवढा देण्याची त्याची ऐपत आहे असा आहे. पेडल आपल्याला हवा तेवढाच प्रवाह ओढते. म्हणून १० मिलीअँपिअरचा ओव्हरड्राइव्ह ५०० मिलीअँपिअरच्या आउटपुटला लावण्यात कसलाही धोका नाही. अडचण उलट बाजूने येते.

उदाहरणादाखल एक बोर्ड घेऊ: ट्यूनर साधारण ३० मिलीअँपिअर, वाह (पायाने खाली-वर करत सूर उघड-मीट करणारे पेडल) ५ च्या आत, ओव्हरड्राइव्ह १०, डिस्टॉर्शन १०, ॲनलॉग डिले ३०, बॉस डीडी-८ सारखा डिजिटल डिले ६५ आणि स्ट्रायमनच्या जातीचा डिजिटल रिव्हर्ब २५०. बेरीज सुमारे ४०० होते. सात पेडल्समधले एकटे रिव्हर्ब निम्म्याहून अधिक प्रवाह ओढते, हे यात पाहण्यासारखे आहे. ॲनलॉग पेडल्स कितीही वाढवली तरी बेरीज फारशी हलत नाही, पण एक डिजिटल पेडल आले की सगळा हिशेब बदलतो.

बेरजेवर पंचवीस ते तीस टक्के शिल्लक ठेवावी. कारण डिजिटल पेडल सुरू होताना क्षणभर अधिक प्रवाह ओढते, ट्यूनरचा दिवा अधिक उजळ ठेवला की त्याची मागणी वाढते आणि पुरवठा सतत आपल्या मर्यादेवर चालला की तापतो. या हिशेबाने वरील बोर्डाला ५०० मिलीअँपिअरचा एकच ॲडॅप्टर काठावर पडतो. आउटपुटांचा हिशेबही वेगवेगळा करावा लागतो. एखाद्या पॉवर सप्लायची एकूण क्षमता ८०० मिलीअँपिअर असली, पण ती १०० च्या आठ आउटपुटांमध्ये विभागलेली असेल, तर २५० चे रिव्हर्ब त्यातल्या एकाही आउटपुटवर चालणार नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून? ते सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन पुन्हापुन्हा बंद पडते, किंवा त्याच्या आवाजात खरखर मिसळते. ही लक्षणे पेडल बिघडल्यासारखी दिसतात आणि चांगले पेडल विनाकारण दुरुस्तीला जाते.

डेझी चेन: कुठे पुरते, कुठे नाही

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक रेग्युलेटेड ॲडॅप्टर आणि त्याला जोडलेली पाच किंवा आठ प्लगची केबल, जिला डेझी चेन म्हणतात. ट्रूटोनचा वन स्पॉट हा या कामासाठीच बनवलेला ॲडॅप्टर १७०० मिलीअँपिअरपर्यंत प्रवाह देतो, आणि १०० ते २४० व्होल्टवर चालत असल्याने तो आपल्याकडेही थेट लावता येतो. बोर्डावर तीन-चार ॲनलॉग पेडल्स असतील आणि गेन (संकेत वाढवण्याचे प्रमाण) बेताचा असेल, तर डेझी चेन समाधानकारक काम देते. नव्याने शिकणाऱ्याने सुरुवातीलाच महागडा पॉवर सप्लाय घ्यावा असे मला वाटत नाही.

अडचणीचे मूळ सामायिक ग्राउंडमध्ये आहे. डेझी चेनमध्ये दोन पेडल्सची ग्राउंड दोन वाटांनी जोडली जातात, एक पॅच केबलच्या शील्डमधून आणि दुसरी वीजकेबलमधून. हे एक बंद वेटोळे होते. त्यात जवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या किंवा वायरिंगच्या चुंबकीय क्षेत्रामुळे बारीक प्रवाह वाहू लागतो आणि तो ५० हर्ट्‌झची गुणगुण म्हणून ध्वनीत मिसळतो.

डिजिटल पेडल्सचा त्रास वेगळा आणि अधिक असतो. त्यांच्यातला प्रोसेसर प्रवाह सलग न ओढता झटक्याझटक्याने ओढतो, त्यामुळे सामायिक तारेवर उच्च वारंवारतेचा गोंगाट उतरतो. ही तार डिस्टॉर्शनलाही जोडलेली असते, आणि डिस्टॉर्शनचे काम तर बारीक संकेत कित्येक पटींनी मोठा करण्याचे. त्यामुळे डिले बंद ठेवलेला असतानाही डिस्टॉर्शन सुरू करताच शिट्टी ऐकू येते. ॲनलॉग डिले आणि कोरसमध्येही एक घड्याळी स्पंद चालू असतो. अशी दोन पेडल्स एका तारेवर आली की त्यांच्या स्पंदांतील फरक कानाला ऐकू येणाऱ्या टप्प्यात उतरू शकतो आणि वेग बदलणारी नॉब फिरवली की शिट्टीचा सूरही सरकतो. शिट्टीचा सूर नॉबबरोबर हलत असेल, तर कारण वीजपुरवठ्यातच शोधावे.

डेझी चेन वापरताना दोन धोके आवर्जून टाळावेत. केबलचा जो प्लग रिकामा राहतो त्याची बाहेरची नळी धन असते आणि पेडलचे धातूचे आवरण ऋणाला जोडलेले असते. हा उघडा प्लग आवरणाला टेकला की सगळी साखळी शॉर्ट होते. रिकाम्या प्लगवर टोपी घालावी किंवा त्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावी. दुसरा धोका जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या जुन्या धर्तीच्या फझचा (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलचा) आहे. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये आणलेल्या फझ फेसच्या मूळ पीएनपी (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) रचनेत ग्राउंड धन बाजूला असते. असे पेडल इतरांबरोबर डेझी चेनवर लावले तर धन आणि ऋण पॅच केबलमधून एकमेकांना भिडतात आणि पुरवठा शॉर्ट होतो. त्याला बॅटरी द्यावी किंवा पूर्णपणे स्वतंत्र आउटपुट द्यावे. माझा कल बॅटरीकडे आहे, कारण असा फझ अगदी थोडा प्रवाह ओढतो आणि साधी झिंक-कार्बन बॅटरीही त्याला फार दिवस पुरते.

आयसोलेटेड पॉवर सप्लाय

आयसोलेटेड, म्हणजे विलग आउटपुटांच्या, सप्लायमध्ये प्रत्येक आउटपुटला ट्रान्सफॉर्मरचे स्वतंत्र वेटोळे असते आणि त्यापुढे त्याचे त्याचे रेक्टिफायर व रेग्युलेटर असतात. एका आउटपुटची ऋण बाजू दुसऱ्याच्या ऋण बाजूला आत कुठेही जोडलेली नसते. त्यामुळे पेडल्सच्या ग्राउंडना एकच वाट उरते, ती म्हणजे पॅच केबलची. वेटोळे बनतच नाही आणि डिजिटल पेडलचा गोंगाट वीजतारेतून शेजाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. व्हूडू लॅबचा पेडल पॉवर २ प्लस हा मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारा या प्रकारातला जुना आणि नावाजलेला सप्लाय आहे. स्ट्रायमनचा झुमा आणि सिऑक्सचा डीसी७ हे नंतरचे सप्लाय उच्च वारंवारतेवर चालतात. ते वजनाला हलके असून एकेका आउटपुटवर ५०० मिलीअँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह देतात, म्हणून डिजिटल पेडल्स अधिक असलेल्या बोर्डासाठी मी हाच नंतरचा प्रकार सुचवीन.

खोक्यावर ‘आयसोलेटेड’ असे छापलेले आहे एवढ्यावर विसंबू नये. काही स्वस्त सप्लायमध्ये प्रत्येक आउटपुटला वेगळे शॉर्टसर्किट संरक्षण असते, पण ऋण बाजू आतून सगळ्यांची एकच असते. म्हणजे तो सुबक डबीत बसवलेला डेझी चेनच असतो. याची परीक्षा सोपी आहे. सप्लाय मुख्य विजेपासून काढावा, सर्व पेडल्स सोडवावीत, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके जोडलेली असल्यास वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवावा आणि दोन वेगवेगळ्या आउटपुटांच्या ऋण टोकांना त्याच्या सुया टेकवाव्यात. मीटर वाजला तर ती दोन आउटपुटे विलग नाहीत. दुकानदाराची हरकत नसेल तर ही परीक्षा दुकानातच करावी.

अमेरिकेतून नातेवाइकांकरवी सप्लाय मागवणाऱ्यांनी किंवा तिथला बोर्ड इकडे घेऊन येणाऱ्यांनी मागचे लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नये. ‘१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ’ असे लिहिले असेल तर केवळ पिन बदलून काम होते. लेबलवर फक्त १२० व्होल्ट असेल, जे ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायमध्ये पुष्कळदा असते, तर आपल्या २३० व्होल्टवर त्याचा फ्यूज तरी उडतो किंवा ट्रान्सफॉर्मर तरी जळतो. त्यासाठी पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो आणि तो बोर्डाबरोबर सगळीकडे वागवावा लागतो, म्हणून असा सप्लाय न आणणेच बरे.

विलग आउटपुटांचा आणखी एक लाभ आहे. १०० मिलीअँपिअरची ९ व्होल्टची दोन आउटपुटे खास केबलने समांतर जोडली तर २०० मिलीअँपिअर मिळतात, आणि एकापुढे एक जोडली तर १८ व्होल्ट मिळतात. या दोन केबल बाहेरून सारख्याच दिसतात. बाजारातून आणल्याबरोबर त्यांवर वेगवेगळ्या रंगाची टेप लावावी आणि पेडलला जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने व्होल्टेज पाहावे. विलग नसलेल्या सप्लायवर १८ व्होल्टची केबल लावल्यास थेट शॉर्ट होतो.

प्रत्येक पेडलला वेगळे आउटपुट हवेच असे नाही. वरच्या सात पेडल्सच्या बोर्डासाठी पाच विलग आउटपुटे पुरतात. वाह, ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन ही तिन्ही साधी ॲनलॉग पेडल्स मिळून २५ मिलीअँपिअरच ओढतात. ती एका आउटपुटवर छोट्या डेझी चेनने जोडावीत. ट्यूनर, ॲनलॉग डिले आणि डिजिटल डिले यांना प्रत्येकी एक आउटपुट द्यावे, आणि रिव्हर्बला ३०० किंवा ५०० मिलीअँपिअरचे आउटपुट द्यावे. कोणते पेडल एकटे ठेवायचे, हे ठरवताना त्याच्या आत घड्याळ किंवा प्रोसेसर आहे का, एवढेच पाहावे.

बोर्डावरची मांडणी

सप्लाय बहुधा बोर्डाच्या खाली बसवतात. ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय असेल, तर त्याच्या बरोबर वर वाह ठेवू नये. वाहच्या आत तारेचे एक वेटोळे म्हणजे इंडक्टर असतो आणि तो ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र पकडून गुणगुणतो. वाह चालू ठेवून बोर्डाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत हलवून पाहिल्यास शांत जागा कानालाच सापडते. सप्लाय कायमचा बसवण्याआधी ही चाचणी करावी.

२३० व्होल्टची केबल बोर्डाच्या एका कडेने न्यावी आणि पॅच केबल दुसऱ्या कडेने. जिथे ओलांडणे भाग आहे तिथे त्या काटकोनात ओलांडाव्यात, समांतर धावू देऊ नयेत. उरलेली वीजकेबल गच्च गुंडाळून न ठेवता सैल वळणाने बांधावी. प्लगच्या मुळाशी ताण येणार नाही याची काळजी घ्यावी, कारण केबल तुटते ती तिथेच. २.५ मिलिमीटरचा प्लग २.१ च्या पिनवर जातो पण सैल बसतो, आणि पायाच्या धक्क्यासरशी पेडल बंद-चालू होते. असा अनुभव येत असेल, तर पेडल उघडण्यापूर्वी प्लग बदलून पाहावा. सप्लायभोवती हवा खेळती ठेवावी. उकाड्यात मंडपाच्या पत्र्याखाली दोन-तीन तास वाजवताना सप्लाय चांगलाच तापतो.

मुख्य वीज आणि अर्थिंग

उत्तम सप्लाय घेऊनही रंगमंचावर गुणगुण येते तेव्हा कारण बऱ्याचदा सभागृहाच्या किंवा मंडपाच्या वायरिंगमध्ये असते. ॲम्प आणि पेडलबोर्ड एकाच एक्स्टेंशन बोर्डवरून चालवावेत. दोन वेगळ्या सॉकेटांवरून, त्यातही दोन वेगळ्या फेजवरून वीज घेतली, तर दोन ठिकाणच्या अर्थिंगमधला फरक केबलच्या शील्डमधून वाहतो. प्रकाशयोजनेचे डिमर ज्या फेजवर आहेत, ती फेज शक्यतो टाळावी. आवाजाचे काम पाहणाऱ्या माणसाला मंचावर चढण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. ध्वनिव्यवस्थेची वीज कुठून घेतली आहे हे त्याला ठाऊक असते आणि त्याच वाटेची वीज आपल्याला मिळणे सर्वांत चांगले.

गुणगुण घालवण्यासाठी ॲम्पच्या तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन मोडणे किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावणे हा प्रकार अजूनही केला जातो. तो कोणत्याही परिस्थितीत करू नये. गिटारच्या तारा केबलच्या ग्राउंडमधून ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. ॲम्पमध्ये काही बिघाड होऊन सांगाड्यात वीज उतरली आणि अर्थिंग नसले, तर ती वाट हातातल्या तारांमधून आणि ओठांजवळच्या मायक्रोफोनमधून शरीरातून जाते. माइकला ओठ लागताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर वाजवणे तिथेच थांबवावे आणि अर्थिंग तपासून घ्यावे. स्वतःच्या एक्स्टेंशन बोर्डमध्ये ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेणे हा थोड्या खर्चात होणारा आणि अत्यंत मोलाचा उपाय आहे. मंचावर ग्राउंडचे वेटोळे तोडायचेच असेल, तर ते ध्वनीच्या मार्गात ट्रान्सफॉर्मर असलेल्या डीआय बॉक्सने (वाद्याचा संकेत ध्वनिव्यवस्थेला जोडणाऱ्या पेटीने) किंवा लाइन आयसोलेटरने तोडावे.

वीज गेल्यावर बोर्ड घरच्या इन्व्हर्टरवर चालवताना इन्व्हर्टर साइन वेव्ह प्रकारचा आहे का, ते पाहावे. चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरचे सप्लाय गरम होतात आणि अधिक घरघरतात. भारनियमन नेहमीचे असेल किंवा उघड्यावर वाजवायचे असेल, तर पेडल्ससाठीच बनवलेली, ९ व्होल्टची विलग आउटपुटे देणारी रिचार्जेबल बॅटरी उपयोगी पडते, कारण तिचा मुख्य विजेशी संबंधच नसतो. मोबाइलच्या पॉवर बँकेला ५ व्होल्टचे ९ व्होल्ट करणारी केबल लावूनही काम चालते. पण ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे १० वॉट, त्यातून रूपांतरातली घट वजा जाता ९ व्होल्टवर एक अँपिअरपेक्षा थोडे कमीच हाती येते, आणि ही रूपांतराची चिप स्वतः बारीक गोंगाट करते. ओव्हरड्राइव्ह आणि ट्यूनरपुरती ती ठीक आहे, अधिक गेनच्या पेडल्सना मी ती लावणार नाही.

दोष शोधण्याची रीत

बोर्ड जोडून झाल्यावर आवाजात काही खटकत असेल, तर अंदाजाने केबल बदलत बसू नये. आधी गिटार थेट ॲम्पला जोडावी. गुणगुण तेव्हाही असेल आणि गिटार हातात धरून वळल्यावर ती कमी-जास्त होत असेल, तर ती सिंगल कॉइल पिकअपची आहे. तिचा पेडल्सच्या विजेशी संबंध नाही, आणि कोणताही सप्लाय ती घालवू शकणार नाही. गिटार थेट असताना शांत असेल, तर एकेक पेडल वाढवत जावे आणि प्रत्येक वेळी ते चालू व बंद करून ऐकावे. ज्या पेडलपाशी आवाज सुरू होतो, त्याचा वीजप्लग काढून त्यात ताजी बॅटरी घालावी. बॅटरीवर आवाज गेला तर दोष पुरवठ्याचा किंवा ग्राउंडच्या वेटोळ्याचा आहे आणि त्या पेडलला विलग आउटपुट द्यावे. बॅटरीवरही आवाज राहिला, तर पेडल किंवा त्याची पॅच केबल पाहावी. बॅटरी न घेणाऱ्या डिजिटल पेडलसाठी त्याचा स्वतःचा मूळ ॲडॅप्टर लावून हीच परीक्षा घेता येते.

जोडणीचा क्रमही पाळावा. आधी पेडल्सना वीज द्यावी, डिजिटल पेडल्स पूर्ण सुरू होऊ द्यावीत आणि मग ॲम्प चालू करावा. बंद करताना आधी ॲम्प आणि मग पेडल्स. उलट केल्यास प्रत्येक पेडलचा धक्का स्पीकरवर जातो.

सगळे मनासारखे झाले की सप्लायच्या प्रत्येक आउटपुटचा आणि प्रत्येक पेडलचा नंबर, व्होल्टेज आणि पोलॅरिटी कायमच्या शाईच्या पेनने चिकटपट्टीवर लिहून केबलच्या दोन्ही टोकांना लावावी, विशेषतः १२ आणि १८ व्होल्टच्या केबलवर लाल पट्टी असावी. दोन कार्यक्रमांच्या मधल्या घाईत बोर्ड पुष्कळदा दुसराच कोणी जोडतो, आणि ९ व्होल्टचे पेडल १८ च्या केबलला लागायला मंचावरचा अंधार पुरेसा असतो.